हिरव्या बटणाची मेहेरबानी

मला एक सांगा, भरवसा ठेवायचा तर कुणावर ठेवावा? तोंडावर बोलणाऱ्यावर, की कुणी बघत नाही ना याची खात्री करून बटण दाबणाऱ्यावर? उत्तराची घाई नको. आधी माझं ऐकून घ्या, मग ठरवा.

मी स्वच्छतागृहाच्या दारातला, लोकांची मतं गोळा करणारा डबा बोलतोय. तुम्ही मला नक्की पाहिलंय. पुष्कळ दुकानांच्या एका चकचकीत इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, कमरेएवढ्या खांबावर मी उभा असायचो. अंगावर तीन बटणं: हिरवा हसरा चेहरा, पिवळा मख्ख आणि लाल रडका. डोक्यावर पाटी, 'आमची सेवा कशी वाटली?' माणूस लघवीला जाऊन आला तरी त्याला मत विचारणारा हा काळ. आणि विचारणारे वेडे म्हणावेत, तर देणारे त्याहून वेडे.

कारखान्यातून माझी भावंडं बँकेत गेली, दवाखान्यात गेली. माझ्या वाट्याला हे दार आलं. नाराज नव्हतो. जागा मोक्याची, गिऱ्हाइकाला तोटा नाही.

पण गिऱ्हाईक म्हणजे एकेक नमुना! एक गृहस्थ आत गेलेच नाहीत. खाली गाडी लावायला जागा मिळाली नव्हती, म्हणून लाल बटणावर मूठ आपटून पुढे गेले. एका बाईंना दुकानदाराने बूट बदलून दिले नाहीत. त्याचा राग माझ्यावर. एक आई फोनवर बोलत उभी, कडेवरचं पोर माझ्यावर सोडलेलं, आणि पोराला नेमका लाल रंग आवडलेला. घरी स्वतःचं ताट उचलत नसतील असे लोक इथे नळ चकाकतो की नाही याचा निवाडा करत. हात धुवायला यांना सवड नाही, मत द्यायला आहे. आणि ते मत त्याच हातांनी माझ्या गालाला फासून जायचे.

हे सगळं लाल पडायचं मावशींच्या नावावर. मावशी म्हणजे तिथली साफसफाई करणारी बाई. सकाळी इमारत उघडल्यापासून हातात फडकं. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. एक दिवस त्यांच्यावरचा सुपरवायझर येऊन म्हणाला,

"मावशी, लाल फार येतंय हो. वरचे म्हणतात, बाई बदला."

"साहेब, आत येऊन बघा की एकदा. लादीत तोंड दिसतंय."

"मला दिसतं. वरच्यांना फक्त या बटणांचा आलेख दिसतो."

सुपरवायझर माणूस वाईट नव्हता, तिथेच घोटाळा झाला. मावशींची नोकरी वाचवायची म्हणून त्याने समोरचा चपलांचा दुकानदार आणि जिन्याजवळचा पहारेकरी यांना हाताशी धरलं. येता-जाता हिरवं दाबायचं, ठरलं. दुकानदार चहाला निघाला की माझ्या हसऱ्या चेहऱ्यावर टिचक्यांचा पाऊस. पहारेकरी तर एका हाताने जांभई झाकायचा आणि दुसऱ्याने मला दाबायचा.

"मावशी, तुम्हीपण दाबा की," दुकानदार म्हणाला.

"मी नाही बाबा. आपणच आपल्याला छान म्हणायला मी काय पुढारी आहे?"

आलेख हिरवागार झाला. इतका, की वरचे साहेब खुद्द पाहायला आले. आत पाऊलही टाकलं नाही. माझ्यासमोर उभे राहून हातातल्या पडद्यावर आकडे पाहिले आणि सुपरवायझरला म्हणाले, "इतके खूश लोक? एवढी खुशी आपल्याला परवडायची नाही. थोडे कमी खूश असले तरी चालतील. इथली बाई कमी करा. तळमजल्यावरची येऊन एक हात मारून जाईल."

असली अक्कल शाळा-कॉलेजात बरीच वर्षं घालवल्याशिवाय येत नाही.

संध्याकाळी मावशींना निरोप मिळाला.

"कुणाची तक्रार आली का माझी?"

"एकही नाही," सुपरवायझर जमिनीकडे बघत म्हणाला.

"मग काढता कशाला?"

"तेच तर कारण आहे."

दुकानदार धावत आला. "मावशी, आम्ही तर तुमच्यासाठीच दाबत होतो हो."

मावशींनी फडकं पिळलं, माझे तिन्ही चेहरे पुसले. मग शांतपणे म्हणाल्या, "माहीत आहे. पण साहेब इथेच उभे होते, तुम्ही तिथे गल्ल्यावर. चार पावलं येऊन तोंडाने बोलला असतात, तर मी उद्या आले असते."

दुकानदाराने खिशातला रुमाल काढला आणि उगाच हात पुसत राहिला.

पुढे आठवड्याभरात तिथे नाक धरून जायची पाळी आली. लाल, लाल आणि लाल. वरच्यांनी विचार केला आणि बदललं कुणाला? मला! आता तिथे पाच चेहऱ्यांचा डबा उभा आहे. मी अडगळीत, तोंड भिंतीकडे. बरंच आहे म्हणा, माणसं दिसत नाहीत.

तर मंडळी, एवढंच मागणं. माझी भावंडं जागोजागी उभी आहेत. गाडीचा राग गाडीपाशी ठेवा. कुणाची दया आली, तर जिथे बोलायला हवं तिथे तोंड उघडा. आणि बोट लावायचंच असेल, तर जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच नोंदवा. हिशेब खरा ठेवा, त्या खात्यावर कुणाचं तरी घर चालतं.