घडीचा नांगर

"ह्यो मावतंय बगा, शेठ," म्हणत पंढरीने घडीचा नांगर वॉटर स्कूटरच्या सीटखालच्या डिकीत ठेवला आणि झाकण लावून दाखवलं.

रविवारी खाडीत स्कूटर उभी करून जेवायचा बेत होता, त्यासाठी बाळारामशेठने मुंबईहून दोन नांगर आणले होते. एक रुंद पात्यांचा, दुसरा छत्रीसारखा मिटणारा, चार काट्यांचा. कशेळीच्या खाडीत तळाला नुसता चिखल. तिथे रुंद पातंच रुतून धरतं. काटे मऊ भातातून बोट फिरावं तसे निघून येतात. हे खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण वीस वर्षं जमिनी विकता विकता बाळाराम खाडी विसरला होता, आणि पंढरीने ते बरोबर हेरलं होतं. मोठा नांगर घेतला तर बिर्याणीच्या डब्याला जागा उरणार नाही, म्हणाला. दोरही चार वाव, म्हणजे चोवीस फूट, पुरे, जास्त घेतला तर डिकी भरेल, म्हणाला. खरं तर बारा वाव लागला असता; आखूड दोराने नांगर तळ धरत नाही, उचलला जातो. दोर त्याने स्वतःच कापला. लाइफ जॅकेट घरी ठेवून थंड बाटल्या घेऊ का, असं शेठने विचारलं तेव्हा मात्र त्याने ते जॅकेट शेठच्या अंगात घालून पट्टे स्वतः आवळले. मेलेला माणूस काय बोलणार? आणि पंढरीला त्याच्या तोंडून एक वाक्य हवं होतं.

तीन वर्षांपूर्वी, दोन हजार चार साली, गोदामासाठी भराव टाकताना बाळारामच्या डंपरांनी डागडुजीला काठावर ओढलेली पंढरीची होडी गाडली. पंढरी पंचांकडे गेला, तर बाळाराम हसून म्हणाला, तिथे होडी नव्हतीच, यानेच दारूपायी विकली असेल. दारूला कधी न शिवलेला पंढरी गावात दारुडा ठरला. पंच गप्प बसले. मग पोटासाठी तो त्याच गोदामावर वॉचमन झाला आणि रोज सलाम ठोकताना मनात दातओठ खात राहिला.

रविवारी दुपारी ओहोटी चालू असताना शेठ खाडीच्या मधोमध नांगर टाकून जेवायला बसला. नांगर घसरतोय हे त्याला डबा रिकामा होईपर्यंत कळलं नाही. स्कूटर चिखलाच्या उंचवट्यावर जाऊन बसली, इंजिनात चिखल गेला. खाली उतरायला गेला तो मांड्यांपर्यंत रुतला. काठावर अख्खं गाव जमलं. कोणी फायर ब्रिगेडला फोन केला, पण गाडी पुलावरच्या ट्राफिकमध्ये अडकली. चिखलावर फळी टाकून, एक गुडघा तिच्यावर टेकून दुसऱ्या पायाने रेटत जाणं आता गावात पंढरीलाच जमत होतं. तो फळी घेऊन आला आणि काठावरच थांबला.

"लवकर ये ना, भरती लागंल," शेठ ओरडला.

पंढरीने त्याला शेठ म्हटलं नाही. "बाळाराम, माजी होरी कुठं हाय, ते सगल्यांना सांग."

बाळारामने आधी शिव्या दिल्या, मग मुकादम करतो म्हणाला. पंढरी फळीवर बसून तंबाखू मळत राहिला. इतकं सुख त्याला कित्येक वर्षांत लाभलं नव्हतं. दोन तासांनी पाणी उलटं फिरलं आणि बाळारामच्या कमरेला लागलं.

"माज्या भरावाखाली हाय," तो रडत म्हणाला. "मीच गारली."

पंढरीने त्याला फळीवर पालथा घालून काठावर आणलं. कोणाकडे न बघता बाळाराम आपल्या गाडीत बसून निघून गेला. लोक पंढरीभोवती जमले. पंचांतला त्याचा चुलतभाऊ सावळाराम, ज्याने पंधरा वर्षं त्याच होडीत त्याच्यासोबत जाळं ओढलं होतं, पुढे झाला आणि त्याने पंढरीच्या खांद्यावर हात ठेवला.

"मना म्हायती व्हता रं. होरीवर डंपर रिकामा जाला तवा मी तेथंच व्हतू."

बाकीच्यांनीही माना हलवल्या. त्यांनाही ठाऊक होतं.

बाळाराम निदान उघड वैरी तरी होता. पंढरीने खांद्यावरचा हात काढला, फळी उचलली आणि कमरेपर्यंतच्या चिखलानिशी गर्दीतून वाट काढत घराकडे निघाला. मागून कोणीतरी त्याला चहाला बोलवत होतं.