माझं अभ्यंगस्नान

मला पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास विचारतो, "हे काय, मोडका स्केटबोर्ड?" मित्रांनो, मी मोडकी नाही आणि स्केटबोर्ड तर मुळीच नाही. मी एक जुनी चाकांची स्की आहे. दीड हात लांब ॲल्युमिनियमची पट्टी, पुढं एक चाक, मागं एक चाक, चाकांवर जाड काळं रबर आणि मधे बूट अडकवायची खाच, एवढाच माझा देह. बर्फावर पळणाऱ्या खेळाडूंना बर्फ नसेल तेव्हा रस्त्यावर सराव करता यावा म्हणून आमची जात जन्माला आली. आम्ही दोघी आहोत. मी डाव्या पायातली, माझी बहीण उजव्या पायातली. ती जात्याच अबोल, त्यामुळे बोलायचं काम माझ्याकडे. तसं माझं बोलणं घरात कुणालाच ऐकू जात नाही. ते जात असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

माझा जन्म फिनलंडमधल्या एका लहानशा कारखान्यातला. तिथून मला गार्गी नावाच्या मुलीनं घेतलं. गार्गी वाढली सिंगापूरला, शिकायला गेली फिनलंडला, आणि तिथं बायथलॉनच्या नादाला लागली. आता तुम्ही म्हणाल, हे कुठलं नवीन खूळ? सांगते. बर्फावर जीव तोडून पळायचं, मग मधेच थांबून, छाती भात्यासारखी हलत असताना बंदुकीनं पाच काळ्या गोलांवर नेम धरायचा. नेम चुकला की शिक्षेची जादा फेरी. पुन्हा पळा, पुन्हा थांबा. शहाण्या माणसानं हे करावं का, मला माहीत नाही. पण गार्गी ते करताना इतकी आनंदात असायची, की मलाही चेव यायचा.

पुढं गार्गीनं नवी जोडी घेतली आणि आम्हाला सिंगापूरला आणून ठेवलं. म्हटलं, झालं, आपली आता अडगळीत रवानगी! पण तसं नव्हतं. नाताळात शर्यतींना थोडे दिवस विश्रांती असते, तेव्हा गार्गी आईबाबांकडे टॅम्पिनीसला यायची. तेवढ्या दिवसांत अंग सुस्तावलं तर जानेवारीत धडगत नाही, म्हणून घरी सरावाला आम्ही.

मित्रांनो, ते दिवस काय सांगू! सकाळी उन्हं चढायच्या आत ती आम्हाला काखोटीला मारून लिफ्टनं खाली उतरायची. इमारतीमागं पार्क कनेक्टर आहे, म्हणजे सायकलवाल्यांसाठी आणि चालणाऱ्यांसाठी केलेला झाडांमधला लांब रस्ता. तिथं आम्ही सुसाट! एक चिनी अंकल रोज झाडाखाली संथ हातवारे करत व्यायाम करायचे. आम्हाला बघून ते हसायचे आणि ओरडायचे, "गर्ल, नो स्नो आल्सो कॅन आह?" म्हणजे बर्फ नसला तरी जमतं का? गार्गी मागं वळून ओरडायची, "कॅन, अंकल, कॅन!" घामानं तिच्या बुटांतून पाणी निघायचं, पण चेहरा बघावा तर फुललेला.

बंदूक मात्र इथं आणायची सोय नाही. मग घरी आल्या आल्या, धापा टाकत, ती हॉलमध्ये चटईवर पालथी पडायची आणि बाबांची लांब दांड्याची छत्री खांद्याला लावायची. समोरच्या भिंतीवर तिच्या आईनं स्वतःच्या पाकिटातल्या पाच काळ्या टिकल्या ओळीनं चिकटवून दिल्या होत्या. छत्री त्या टिकल्यांवर रोखून गार्गी श्वास धरायची. बाबा, म्हणजे पद्माकरकाका, वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसला निघताना म्हणायचे, "अगं, पाऊस आला तर मी काय डोक्यावर टिकल्या लावून जाऊ?"

आणि तिची आई, मधुवंतीकाकू. त्यांच्याबद्दल वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही. पुण्याहून येऊन इतकी वर्षं झाली, पण एक सण चुकवला नाही बाईंनी. आता मुलगी दसऱ्याला नाही, दिवाळीला नाही, संक्रांतीला तर बर्फात. मग काकूंनी आपली रीतच पाडली. गार्गी ज्या दिवशी घरात, त्या दिवशी सण! डिसेंबरात दसरा, डिसेंबरात दिवाळी. पंचांगाला कोण विचारतो? शेजारणी हसायच्या, काकू म्हणायच्या, "देव काही कॅलेंडर बघून जेवायला येत नाही."

डिसेंबरातल्या त्या दसऱ्याला आमचीही पूजा व्हायची. खंडेनवमीला घरातली हत्यारं, अवजारं पुजतात ना, तशी. काकूंचं शिलाई मशीन, काकांचा लॅपटॉप आणि आम्ही दोघी, पाटावर ओळीनं. हळदीकुंकू, फूल, अक्षता. खरं सांगते, कारखान्यात जन्मलेल्या वस्तूला कुणी ओवाळलं की गहिवरून येतं. बाकीचं वर्ष आम्ही बॉम्ब शेल्टरमध्ये असायचो. घाबरू नका, इथल्या सरकारी फ्लॅटांत जाड भिंतींची, लोखंडी दाराची अशी एक खोली असते. बॉम्ब काही पडत नाहीत, म्हणून लोक तिथं तांदूळ, बॅगा आणि गणपतीचं मखर ठेवतात. खिडकी नाही, वारा नाही, आणि इथली दमट हवा. तिथंच घोडं पेंड खातं.

गेल्या डिसेंबरात गार्गी आली ती सर्दी घेऊनच. आल्यावर दोन दिवस पडून होती, त्यामुळे आम्हाला कुणी हात लावला नाही. पण पडल्या पडल्या तिचं सगळं लक्ष जानेवारीत. सुट्टी संपताच एक शर्यत होती, आणि तिच्यावरून क्लबच्या संघात कुणाला घ्यायचं ते ठरणार होतं. ही तिची शेवटची संधी. प्रशिक्षकांनी तिला गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं, या वेळी जमलं नाही तर आता नोकरीकडे बघ बाळ. हे ती बाबांशी बोलताना मी शेल्टरच्या उघड्या दारातून ऐकलं. आईला सांगितलं नव्हतं, कारण आई म्हणाली असती, बरंच झालं, ये घरी.

काकूंनी मात्र तिच्याकडून एक शब्द घेतला होता. "उद्या दसरा आणि नरकचतुर्दशी एकदम. उद्याचा दिवस माझा. उद्या पळायचं नाही, कळलं?"

"ओके लाह, आई."

"ते इथलं लाह-बिह नको. शब्द दे."

गार्गीनं शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे अभ्यंगस्नान. काकूंनी खोबरेल कोमट करून लेकीला डोक्यापासून टाचांपर्यंत चोळलं, उटणं लावलं, ओवाळलं. ती न्हायला गेल्यावर काकू आम्हाला पूजेसाठी बाहेर काढायला आल्या आणि किंचाळल्याच. "अगं बाई, हे काय!" आमच्या चाकांच्या रबरावर पांढरी बुरशी धरली होती. काकूंना एवढं वाईट वाटलं म्हणता! स्वतःचीच चूक असल्यासारख्या चुकचुकल्या. वाटीत उरलेलं कोमट खोबरेल घेतलं, मांडी घालून बसल्या, आणि मऊ फडक्यानं आम्हाला चोळायला लागल्या. पट्टीला, खाचेला, आणि चाकांना. चाकांना तर दोनदा. काकूंच्या घरात सगळ्याला खोबरेल चालतं हो. मशीनला, बिजागऱ्यांना, भेगाळलेल्या टाचांना. मग आम्हालाच का नाही चालणार? "माझ्या लेकीला पळवता ना," त्या म्हणाल्या, "घ्या, तुम्हालाही दिवाळी."

मित्रांनो, आमच्यासारख्यांचं आयुष्यात एकच काम. पाय तिरका रेटला की रबरानं रस्ता घट्ट धरायचा, सोडायचा नाही. तेल प्यायलेलं रबर काय धरणार, कपाळ! मी आतल्या आत ओरडत होते, काकू, चाकांना नको हो, चाकांना नको. काकूंनी मला हळदीकुंकू लावलं आणि पाटावर ठेवलं. रबर कसं काळंभोर चमकत होतं. इतकी सुंदर मी कारखान्यातून निघाले तेव्हासुद्धा नव्हते.

जेवणं झाल्यावर काका-काकू संध्याकाळच्या पाहुण्यांसाठी मिठाई आणि झेंडूची फुलं आणायला लिटिल इंडियाला गेले. घरात गार्गी एकटी. तेवढ्यात फोन वाजला. क्लबच्या मैत्रिणींनी फोटो पाठवला होता, सगळ्या बर्फात, सरावाला. गार्गी तो बघत बसली. मग उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. "एक फेरी," ती स्वतःशीच म्हणाली. "आई यायच्या आत."

नको गं पोरी! पण ऐकतंय कोण? तिनं आम्हाला उचललं, हळदीकुंकू बघून हसली आणि अंगठ्यानं पुसलं. तेलाचा वास यायला हवा होता ना तिला? कसा येणार? तिच्या स्वतःच्या केसांना खोबरेलाचा वास, हातांना खोबरेलाचा वास, सगळं घर त्याच वासानं भरलेलं.

पहिल्याच रेट्याला मी सरकले. तिला वाटलं, रस्ता ओला आहे. मघाशी सर येऊन गेली होती. ती जपून पळायला लागली. सपाटीवर मी कसंबसं निभावून नेलं. पण पुलाखालच्या उतारावर वळण आहे. तिथं तिनं सगळा भार माझ्यावर टाकला, डाव्या पायावर, नेहमी टाकायची तसा, विश्वासानं. मी जिवाच्या आकांतानं रस्ता धरायला गेले आणि नुसती घसरत गेले. गार्गी उजव्या हातावर पडली.

मनगट कसं वाकडं झालं होतं ते सांगत नाही. झाडाखालचे ते अंकल धावत आले. "गर्ल, यू ओके ऑर नॉट?" ते फोन करायला लागले. गार्गी रस्त्यातच बसून होती. तिनं डाव्या हातानं मला पायातून सोडवलं, चाकावरून बोटं फिरवली, आणि बोटं नाकाशी नेली. मग तिनं डोळे मिटले. रडली नाही. थोड्या वेळानं तिनं टी-शर्टचं टोक धरलं आणि डाव्या हातानं माझी चाकं पुसायला लागली. मग बहिणीची. खसाखसा, अगदी कोरडी होईपर्यंत. अंकल म्हणत होते, अगं राहू दे, हात हलवू नकोस. तिनं ऐकलं नाही.

काकू हॉस्पिटलात पोचल्या तेव्हा मी गार्गीच्या शेजारी खुर्चीत होते. "काय झालं गं? कशी पडलीस?"

"पानावरून पाय घसरला, आई."

"शब्द दिला होतास ना मला?"

"सॉरी, आई."

काकू रागावल्या, मग रडल्या, आणि मग त्यांची नजर आमच्यावर गेली. "या मेल्या फळकुटांनी घात केला! सकाळी पुजलं मी यांना, आणि हे पांग फेडले." मित्रांनो, मी आजवर पुष्कळ ओरखडे सोसलेत. पण हा बोल लागला. मी गार्गीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

हात प्लास्टरमध्ये. त्या हातात स्कीची काठी धरता येईना, की बंदूक. शर्यत झाली, गार्गीशिवाय. तिनं ती सोफ्यावर बसून फोनवर पाहिली. समोर भिंतीवर पाच टिकल्या होत्या आणि छत्री कोपऱ्यात. प्रशिक्षकांचा निरोप आला, संघ ठरला, तू बरी हो. पुढच्या वर्षाचं एक अक्षर त्यात नव्हतं. तेव्हा कुठं काकूंना त्या शेवटच्या संधीचं कळलं. त्या लेकीजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "मी रोज देवाला म्हणायचे गं, हिचे घरचे दोन दिवस वाढव. असे नव्हते मागितले रे देवा." गार्गीनं डाव्या हातानं त्यांचा हात धरला. ती एवढंच म्हणाली, "तुझा काय दोष, आई?"

यंदा गार्गीनं घरी संक्रांत पाहिली, खरीखुरी, पंचांगातली. काकूंनी तिच्या डाव्या हातावर तिळगूळ ठेवला.

मग प्लास्टर निघालं आणि गार्गी परत गेली. संघ नाही तर नाही, स्वतःच्या हिमतीवर एक वर्ष अजून बघते म्हणाली. निघताना तिनं आम्हाला स्वतः शेल्टरमध्ये ठेवलं. "आई, यांना काही करू नकोस हं. अशाच राहू देत. डिसेंबरात लागतील मला."

"बरं," काकू म्हणाल्या.

पण आईचं बरं ते! परवा दार उघडलं. काकू आल्या, मला मांडीवर घेतलं आणि पट्टीवरचा ओरखडा बोटानं चाचपला. "मेलं म्हटलं होतं तुम्हाला," त्या हळूच म्हणाल्या. "चुकलंच माझं. तिच्या जिवाच्या आहात तुम्ही." मग त्यांनी चाकं उलटसुलट करून पाहिली. "पुन्हा बुरशी धरायला लागली की! अशाच कशा राहू देईन?" आणि बाहेर जाऊन वाटी घेऊन आल्या. कोमट खोबरेलाचा वास आला मला. काकूंनी प्रेमानं, अगदी रबराच्या कडेकडेनं, तेल जिरवलं. "आता नाही हं पाडायचं माझ्या लेकीला," त्या म्हणाल्या.

डिसेंबर येईल. त्याआधी पुन्हा पुन्हा वाटी येईल. गार्गी चाकं पुसेल का? की घाईत असेल? बहीण काही बोलत नाही. मला काही करता येत नाही.

मित्रांनो, कुणाची आवडती वस्तू जपायची झाली तर आधी तिला काय सोसतं ते विचारा. नुसती माया पुरत नाही हो. आणि तुमच्यापैकी कुणी कधी टॅम्पिनीसला आलंच, तर मधुवंतीकाकूंना एवढं सांगा, चाकांना खोबरेल लावू नका, कोरडं फडकं पुरे. त्या तुम्हाला चहा देतील, चकली देतील, आणि विचारतील, "का रे बाळा?"

ते मात्र सांगू नका. गार्गीनं मोडका हात घेऊन पुसलंय ते.