दुपारी दोन ते पाच

माझा हात आधी चालतो, डोकं मागून येतं. कोंबड्यांच्या कारखान्यात हे सोयीचं असतं. पट्ट्यावरून उलट्या टांगलेल्या कोंबड्या येतात, मिनिटाला अठरा, आणि मी प्रत्येकीचा पंख सांध्यापाशी उडवते. विचार करायला थांबलं की पुढची निसटते आणि मुकादम शिव्यांची सरबत्ती सुरू करतो. एकदा त्याने माझा खांदा धरून हलवला. मी सुरी त्याच्या मनगटावर टेकवली आणि म्हटलं, "इथे सांधा असतो. एका दमात निघतो." तेव्हापासून तो चार हात लांबून शिव्या देतो.

माझ्या पोरीने त्या पट्ट्यापाशी उभं राहायचं नाही, एवढंच माझं मागणं. तिला मी बारकी म्हणते. वय तेरा, अंगात मूठभर मांस, पण गणितात पक्की. बाप केव्हाच निघून गेला, घरात आम्ही दोघीच. तंत्रशाळेच्या प्रवेशपरीक्षेला महिना उरला होता. त्यात पास झाली की बारकी सुटली, हे मी रोज शंभर वेळा मनात घोकत होते.

शाळेने अभ्यासाला टॅब दिला होता आणि शनिवारी सकाळी पालकांचा वर्ग ठेवला होता. मुलांना घरी मदत कशी करायची, त्या टॅबवर लक्ष कसं ठेवायचं, असं सगळं. वीस-पंचवीस आईबाप पोरांच्या बाकांत गुडघे कोंबून बसले होते. आठवड्याचा अहवाल आपल्या फोनवर कसा उघडायचा ते बाईंनी दाखवलं. वर्गात सगळ्यात आधी मला जमलं. कॉलर ताठ करून मी वाचलं: अभ्यास सहा तास, मालिका पंधरा तास.

तळपायाची आग मस्तकात गेली. "नुसत्या आकड्यावर जाऊ नका," बाई सांगत होत्या, "आत काय आहे ते पुढच्या शनिवारी बघू. तोवर मुलांशी शांतपणे बोला." शांतपणे बोलायचं कानावर पडलं तेव्हा मी जिना उतरत होते.

बारकी टेबलाशी गणितं सोडवत होती. मी फोन तिच्या नाकासमोर धरला. "पंधरा तास? मी तिकडे रक्तात हात घालून उभी आणि तू इकडे मालिका बघतेस?"

"आई, मी नाही बघितल्या, ते दुपारी..."

पहिली थप्पड तिथेच बसली. तिचं डोकं कपाटावर आपटलं.

"आई, ऐक ना, दुपारी तू..."

उलट उत्तर! दुसरी थप्पड त्याच गालावर. ओठ फुटला. तिने तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तेव्हा मी वेणी धरून तिला टेबलापर्यंत फरफटत आणलं आणि पाठीत गुद्दा घातला. दाराची कडी ठोकायला काढलेला हातोडा खिडकीत होता. तो घेतला. या टॅबचाच निकाल लावायचा म्हणून वर उचलला. मिनिटाला अठरा कापणाऱ्या हाताला मधे थांबायची सवय नसते.

तिने आपला हात टॅबवर ठेवला. उजवा.

आवाज ओळखीचा होता. सांधा निघतानाचा. दोन बोटं मोडली, टॅबला ओरखडाही आला नाही. त्यात तिची चार महिन्यांची टिपणं होती, हे मला दवाखान्यात कळलं. तिथे डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? बारकीच म्हणाली, "दारात बोटं सापडली." तिच्या फुटक्या ओठाकडे डॉक्टरांनी पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, जमिनीने गिळावं. पण तेव्हाही मनात एक कोपरा कुरकुरत होता, की पंधरा तास खरेच ना?

पुढच्या शनिवारी बाईंनी आकडा उघडायला शिकवलं. बोटाने दाबलं की वेळा दिसतात. माझ्या फोनवर त्या पंधरा तासांखाली पाच दिवस एकच वेळ होती: दुपारी दोन ते पाच.

"शाळा पाचला सुटते," बाई हसत म्हणाल्या, "मग घरी कोण बघतं हो?" वर्ग खिदळला.

मी बघते. म्हणजे बघतही नाही. पहाटेची पाळी करून दोनला घरी येते, कानात यंत्रांची घरघर असते, ती बुजवायला बारकीच्या टॅबवर मालिका लावते आणि पाच मिनिटांत घोरायला लागते. एक भाग संपला की दुसरा आपोआप लागतो. बारकी येते, टॅब बंद करते, माझ्या अंगावर पांघरूण घालते.

मी बाक उलथवला. बाईंची ओढणी मुठीत धरून ओरडले, "हे मागच्याच शनिवारी का नाही सांगितलं?" दोन बापांनी मला मागे ओढलं. बाई पांढऱ्याफटक पडल्या, पण म्हणाल्या, "तुम्ही थांबला नव्हतात." मग मी खाली बसून सगळं सांगितलं. हातोड्यासकट. कुणी हसलं नाही. बारकीला परीक्षेत लेखनिक मिळावा म्हणून बाईंनी त्याच दिवशी अर्ज लिहिला. सोमवारी घरी बारकीशी बोलायला येईन, असंही सांगितलं. मी नाही म्हटलं नाही.

घरी आले तर बारकी सरावाची प्रश्नपत्रिका पसरून बसली होती. मी पेनाकडे हात नेला आणि ती खुर्चीसकट मागे सरकली, प्लास्टरचा हात पोटाशी धरून. मी पेन सावकाश उचललं.

"मी लिहिते. तू सांग," मी म्हटलं.

तिने बराच वेळ माझ्या हाताकडे पाहिलं. "मधे बोलायचं नाही. लेखनिकाला बोलता येत नाही."

"नाही बोलणार."

"पाचवा प्रश्न. घरात घडलेला एक प्रसंग शंभर शब्दांत लिहा." तिने घड्याळ लावलं. "लिही. शनिवारी आई शाळेतून आली. दुपारी मालिका लावून तीच झोपते, हे मला तिला सांगायचं होतं."

माझं पेन थांबलं.

"थांबू नकोस, वेळ चाललाय. मी तीनदा सांगायला गेले. तिने तीनदा मारलं. चौथ्यांदा मी बोललेच नाही. हात पुढे केला."

मी लिहिलं. अक्षरं वेडीवाकडी आली, पण एकही शब्द गाळला नाही. डोळ्यांतून पाणी कागदावर पडत होतं. तिने ते पाहिलं आणि पुसलं नाही.

"शंभर झाले?" तिने विचारलं.

मी मोजले. "नाही. अजून पुष्कळ उरलेत."

"मग लिही," ती म्हणाली.