परत आणायची कमांड

चंदनसारच्या त्या सॉफ्टवेअर कंपनीत गिटवर, म्हणजे सगळ्यांचा कोड साठवायच्या प्रणालीवर, नवख्यांचा कोड उडाला की भूपेश सरांच्या केबिनबाहेर ताटकळावं लागे. परत आणायची कमांड त्यांनाच ठाऊक, आणि ते आधी सगळ्यांसमोर अक्कल काढत. जागृती नवखी असताना तिची तर रडेपर्यंत काढली होती. तेव्हापासून तिने डूख धरला होता आणि ती कमांड गुपचूप शिकून घेतली होती.

यंदा नव्या बॅचला गिट शिकवायचं काम तिच्याकडे आलं.

"तीनच कमांड दाखव," सरांनी बजावलं. "उगाच डोक्यावर बसवू नकोस."

जागृतीने सगळ्यांत आधी उडालेला कोड परत आणायची कमांड दाखवली. चांगली घोटून घेतली.

महिनाभर केबिनकडे कुणी फिरकलं नाही. शेवटी सरच बाहेर आले.

"हल्ली कुणाचं काही उडत नाही वाटतं?"

"उडतं की," नवी पिंकी मान वर न करता म्हणाली. "आम्हीच आणतो परत."

जागृती गोड हसली. "का सर? तुमचं काही उडालंय? पिंकी बघेल."