लाकडाखालची नळी

“रायफलचं लाकूड काढताय? नको हो, मिस्त्रीकाका! बाबा त्या स्क्रूंना कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. तुम्हीच बजावलं होतंत म्हणे.”

वनरक्षक मुलीच्या या बोलण्यावर बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींची छाती फुगली. बजावलं होतंच मुळी! बोल्ट मागेपुढे सरकवून गोळी भरायची ती रायफल तिच्या वडिलांची, तेही वनरक्षकच. बत्तीस वर्षांपूर्वी मिस्त्रींनी रायफलच्या नळीला काळंनिळं पाणी चढवलं होतं, गंज अडवणारी झिलई. मुद्दाम गंज आणायचा, नळी उकळत्या पाण्यात बुडवायची, घासायची, की पुन्हा गंज आणायचा. नऊ दिवस, नऊ वेळा. इतकं देखणं काम आपल्या हातून दुसरं झालं नाही, हे मिस्त्री स्वतःच चारचौघांत सांगत. देताना त्यांनी दम भरला होता, “तेल रोज लाव, पण लाकूड काढायचं नाही. नेम बिघडेल. काढायचंच तर माझ्याकडे आण.”

आता वडील गेले होते आणि रायफल रीतसर लेकीच्या नावावर झाली होती. वडिलांची शेवटची वीस वर्षं ज्या खाडीकाठच्या चौकीवर गेली, तिथेच तिचीही नेमणूक होती. दुकानापासून दोन दिवसांची वाट. पुन्हा तेच पाणी चढवायचं, की सूनबाईंचा भट्टीतला लेप द्यायचा, एवढं विचारायला ती आली होती.

दुकानाचा अर्धा भाग सुनेचा. वाळूचा मारा करून लोखंड खरवडायचं, वर लेप फवारायचा आणि भट्टीत भाजायचा, हे तिचं काम. मिस्त्री त्याला रंगारीकाम म्हणत.

“म्हणा खुशाल, बाबा,” सून पलीकडून म्हणाली, “पण खाडीवर तुमचं पाणी टिकायचं नाही.”

“बत्तीस वर्षं टिकलंय! बघ ये,” म्हणत मिस्त्रींनी शेवटचा स्क्रू काढला आणि नळी लाकडातून उचलली.

वरची बाजू अजून आरशासारखी होती. खालची बाजू तांबडीलाल, खड्डेच खड्डे. मिस्त्रींचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी नळीतून उजेडाकडे पाहिलं, खड्ड्यांची खोली मोजली. खड्डे वरवरचे होते, नळी आतून ठणठणीत होती. तेवढंच नशीब.

“बाबांनी एक दिवस तेल चुकवलं नाही हो,” मुलगी कळवळून म्हणाली. “अंगात ताप असला तरी उठायचे. मग त्यांचं चुकलं कुठे?”

खारी हवाच वाईट, असं म्हणून सुटता आलं असतं. खोटंही नव्हतं ते. मिस्त्रींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“त्याचं नाही चुकलं, पोरी. माझं चुकलं. तो खाडीवर बदलून गेला तेव्हा खारा दमट वारा लाकडाखाली शिरणार, हे मला कळत नव्हतं होय? लाकूड परत बसवलं की चार गोळ्या झाडून नेम लावून घेता येतो. नेमाची भीती नव्हतीच मला. कुणाच्या तरी स्क्रूड्रायव्हरनं माझ्या पाण्यावर ओरखडा उठेल, याची होती.”

भट्टीकडची खुडबूड थांबली.

“लेपच दे,” मिस्त्री सुनेला म्हणाले. “बाहेरून सगळीकडे, लाकडाखालीसुद्धा. बोल्टला मात्र नको, थर चढला तर तो अडकेल. तो घासून तेलावरच राहू दे. आणि पोरी, महिन्यातून एकदा लाकूड तू स्वतः काढायचंस. जाताना शिकवतो.”

“वरचं पाणी थोडं तरी ठेवता येईल का, काका? बाबा उन्हात धरून दाखवायचे मला.”

“नाही,” मिस्त्री म्हणाले. “लेप कोऱ्या लोखंडावरच बसतो.”

सुनेनं हात पुढे केला. “द्या, बाबा. माझ्या वाळूखाली आत्ता निघेल.”

“राहू दे. चढवलं मी, उतरवीन मीच.”

त्यांनी फडकं आम्लात भिजवून नळीवर फिरवलं. नऊ दिवसांचं काम मुलीच्या हातातला चहा संपायच्या आत उतरलं. मग गंज खरवडला, नळी धुतली, पुसली. खालून पांढरं, उघडं पोलाद निघालं.

अशा पोलादावर बोटांचे ठसे उमटले की लेप धरत नाही, एवढं सुनेचं काम बघून बघून त्यांना ठाऊक होतं.

“तुझे हातमोजे दे गं जरा,” मिस्त्री म्हणाले, आणि नळी दोन्ही हातांवर घेऊन स्वतःच तिच्या भट्टीकडे चालू लागले.