रानडुकराचा वाटा

मोशीच्या उद्धवरावांना शिकारीचं मांस घरी येईपर्यंत दम निघत नसे. नदीकाठी जाळ करायचा, रानडुकराचे तुकडे वरवर भाजायचे आणि आतून लाल असतानाच तोंडात टाकायचे. "कच्च्यात ताकद असती," ते सांगत. तालमीतल्या माणसाचं म्हणणं कोण खोडणार?

सत्तावन्न सालच्या दिवाळीनंतर त्यांचं पोट बिघडलं. एका सकाळी बांधाआड बसले असताना त्यांना खाली पांढऱ्या फितीचे तुकडे दिसले. एक तर हललासा वाटला. उद्धवराव टमरेल तिथंच टाकून घरी आले.

बायकोला, रंभाला, हे सांगायला त्यांना चार दिवस लागले.

"अवो, मग दवाखान्यात चला की," ती म्हणाली.

"आन् गावात कळलं तर? पैलवानाच्या पोटात जंत!"

शेवटी पाहुण्यांकडे जातो म्हणून दोघं बैलगाडीनं तळेगावला गेली. दवाखान्यात बघतात तर डॉक्टरीणबाई! उद्धवराव मागं फिरले. रंभानं त्यांचा सदरा धरला आणि सगळं तिनंच सांगून टाकलं.

"डुकराचं मांस अर्धकच्चं खाता ना?" बाईंनी विचारलं. "त्यात साबुदाण्याएवढे दाणे असतात. तेच पोटात जाऊन असे लांबलचक वाढतात. आणि डुकराला कुठून होतं? तुम्ही उघड्यावर बसता, ते तिथं तोंड घालतं."

"म्हंजी मीच त्याला दिला?"

"तुम्ही, नाहीतर तुमच्या गावातल्या कुणी."

पिवळ्या गोळ्या आणि जुलाबाचं औषध घेतल्यावर दुसऱ्या दिवशी सहा हात लांब कृमी बाहेर पडला. घरी येताच उद्धवरावांनी परसात संडासासाठी खड्डा खणायला घेतला.

महिन्याभरानं गावकऱ्यांच्या शिकारीत पुन्हा रानडुक्कर पडलं. उद्धवरावांनी मांस चिरून पाहिलं. दाणेच दाणे.

"ह्ये कुणी खायाचं न्हाई."

"भ्यालात व्हय पैलवान?" त्यांचा चुलतभाऊ मारुतराव हसला.

उद्धवरावांचे कान तापले. पण ते उठून उभे राहिले आणि बांधाआडच्या सकाळपासून सगळं सांगून मोकळे झाले. कुणी हसलं नाही. डुक्कर खोल पुरलं.

दुसऱ्या दिवशी मारुतराव हळूच आला. "मेव्हण्यासाठी इचारतोय, त्यो दवाखाना कुठं हाय?" संध्याकाळपर्यंत आणखी दोघं येऊन गेले, आपापल्या मेव्हण्यांसाठी.

उद्धवरावांनी तिघांना एकाच गाडीत घातलं. तळेगाव येईपर्यंत तिघंही तीन दिशांना बघत बसले होते.