रोट खाणारं गिऱ्हाईक

मी आठवड्यातले चार वार करते. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्तगुरूंचा, शुक्रवार देवीचा. चाळीतल्या बायका म्हणतात, "प्रमिलाबाई, फार कडक हो तुमचं!" त्यांना काय माहीत. आमच्या सुरतेतल्या, उधन्याच्या दोन खोल्यांत सगळ्यात कडक व्रत माझं नाही, गायत्रीच्या पप्पांचं आहे. ते डोळे नीट उघडायच्या आधी मोबाइल उघडतात. दात घासायच्या आधी भाव बघायचा, अंघोळीच्या आधी भाव बघायचा. देवापुढे उभे राहतात तेव्हा एका हातात मोबाइल असतो, म्हणून नमस्कारही एकाच हाताने. दोन वर्षांत या व्रतात एक दिवस खंड नाही. माझे तर दोन शुक्रवार आजारपणात बुडाले.

लूमच्या कारखान्यातून आले की पगारातले दोन-चार हजार ते त्या मोबाइलमधल्या नाण्यात घालायचे. युएसडीटी म्हणतात त्याला. भाव डॉलरचा, पण हातात घेता येत नाही, वाजवून बघता येत नाही. मी कधी हरकत घेतली नाही. न दिसणाऱ्यावर विश्वास ठेवायची मला सवय आहे. एवढंच, की माझा देव मला कधी पासवर्ड विचारत नाही.

या श्रावणात गायत्रीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फी एक लाख साठ हजार, शनिवारपर्यंत. शनिवारी भरली नाही तर जागा पुढच्या मुलीला. पोरगी तीन दिवस जेवली नाही धड, नुसती फीची पावती कशी दिसत असेल याचा विचार करत बसायची. आणि आमची सगळी शिल्लक त्या मोबाइलमध्ये, दिसत नव्हती तशीच.

"विकून टाकू," हे म्हणाले. "बटण दाबलं की झालं."

तेवढं सोपं नव्हतं. यांच्याच कारखान्यातल्या विकासने ते नाणं अॅपवर कुणा अनोळख्याला विकलं होतं. पैसे बँकेत आले, आणि चौथ्या दिवशी खातंच गोठलं. घेणाऱ्याने पाठवलेला पैसा म्हणे कुठल्यातरी फसवणुकीतला होता. विकास अजून अर्ज करतोय. तेव्हा यांनी ठरवलं, आपण रोख घ्यायचे, समोरासमोर.

आमचा पुतण्या भूपेंद्र कॉम्प्युटरच्या दुकानात काम करतो. तो बुधवारी आला आणि काकांना नियम सांगायला बसला.

"काका, ऐका. एकटं जायचं नाही. भर दिवसा, वर्दळीच्या जागी, कॅमेऱ्यासमोर भेटायचं. कुणाच्या गाडीत बसायचं नाही, कुणाच्या ऑफिसात जायचं नाही. घराचा पत्ता, किती शिल्लक आहे, काही सांगायचं नाही. नोटा आधी बँकेच्या मशीनवर मोजायच्या, मग पाठवायचं. आणि पाठवलं की पाठवलं, काका. परत येत नाही. कुठे तक्रार नाही, काही नाही."

हे मान डोलावत होते. सत्यनारायणाच्या कथेला डोलावतात तशीच. कथा पूर्ण ऐकायची, लक्ष प्रसादाकडे.

"समजलं ना काका?"

"अरे, मी तीस वर्षं सुरतेत आहे. मला काय शिकवतो?"

शेवटचा नियम मला मात्र नीट कळला. संकल्पाचं पाणी हातावरून सोडलं की ते उचलून परत भांड्यात भरता येत नाही. त्यामुळे पाणी सोडायच्या आधीच काय तो विचार करायचा.

त्याच संध्याकाळी यांना टेलिग्रामवर गिऱ्हाईक मिळालं. नाव किरण पाटील. यांनी फोन लावला, आम्ही बोरसे, खानदेशचे असं सांगितलं, आणि पलीकडून आवाज आला, "राम राम काका! मी बी अमळनेर बाजूना शे."

झालं. आमच्या माणसांचं सुरतेत हे एक आहे. गुजरात्याशी व्यवहार करताना चार वेळा चष्मा पुसतील, सेठने दिलेली शंभराची नोट उजेडात धरतील. पण समोरच्याने अहिराणीचं एक वाक्य टाकलं की चष्मा खिशात. दहा मिनिटांत यांनी किरणला आपलं गाव, आपली गल्ली, कारखान्याची पाळी, पोरीची फी, फीची तारीख आणि मोबाइलमधला आकडा सगळं सांगून टाकलं. आधार कार्डाचा नंबर तेवढा राहिला, तोही चष्मा खिशात होता म्हणून.

"आपला मानूस शे!" फोन ठेवून हे म्हणाले. चेहऱ्यावर असा आनंद, की जणू जावई सापडला.

"भूपेंद्रने सांगितलं होतं..." मी हळू म्हटलं. मी सगळंच हळू म्हणते.

"ते परक्यांसाठी गं."

गुरुवारी सकाळी भूपेंद्रला दुकानातून सुट्टी मिळाली नाही. एकटं जायचं नाही हा एकच नियम यांनी पाळायचं ठरवलं, तोही तो फुकट पाळता येत होता म्हणून. अंगरक्षक म्हणून मला घेतलं. वजन पंचेचाळीस किलो, त्यात उपास, हातात जपमाळेची पिशवी. यांच्या चहाबरोबर खायला म्हणून शेजारच्या बेनने दिलेली सुखडी, म्हणजे गूळ-तुपातल्या कणकेच्या वड्या, मी डब्यात घेतली.

भेटायचं ठरलं होतं पर्वत पाटिया भागात, बँकेच्या दारात. आम्ही पोहोचलो तर फोन आला, बँकेत गर्दी आहे, समोरच्या चहाच्या टपरीवर या. टपरीवर गेलो तर फोन आला, चहावाल्याचे कान लांब आहेत, मागच्या गल्लीत गाडी उभी आहे, एसी चालू आहे, तिथे या.

"बघ, किती काळजी करतो," हे म्हणाले.

"फार," मी म्हटलं. "पण गाडीत बसलं की माझ्या पोटात ढवळतं. आज तर उपास आहे." आणि मी टपरीच्या बाकावर बसले. उपासाच्या बाईला कुणी ओढून उठवत नाही, याचा मला आयुष्यात फार उपयोग झालाय.

शेवटी किरणभाऊ स्वतःच आले. तिशीचा, पांढरा शर्ट, गळ्यात तुळशीची माळ. आल्या आल्या वाकून माझ्या पाया पडला. "मावशी, आशीर्वाद द्या." मी दिला. आशीर्वाद द्यायला मशीन लागत नाही. त्याचा जोडीदार मगन गाडी टपरीजवळ घेऊन आला आणि काळा चष्मा लावून आतच बसून राहिला. इंजिन चालूच. डिझेलचा भाव बघता माणूस पैशाने सुखी असावा.

किरणने बॅगेची चेन चार बोटं उघडून आतल्या थप्प्या दाखवल्या. एक काढून यांच्या हातात दिली. पाचशेच्या नोटा, वर बँकेची कागदी पट्टी, पट्टीवर शिक्का.

"मोजा काका. पण मोजायचं काय त्यात, पट्टी बँकेनी शे."

"छे छे, मोजायचं काय!" हे म्हणाले. थप्पी त्यांनी मांडीवर ठेवली आणि मोबाइल काढला.

"समोरच बँक आहे," मी म्हटलं. "मशीनवर दोन मिनिटं..."

"मावशी!" किरणचा चेहरा असा पडला, जणू मी त्याच्या आईबद्दल काही बोलले. "आपला माणसावर भरोसा नही?"

"तिचं मनावर घेऊ नको रे," हे त्याला म्हणाले. तीस वर्षं सुरतेत राहिलेला माणूस तो हाच.

त्याने मोबाइलवर चौकोनी चित्र दाखवलं, यांनी ते आपल्या मोबाइलने टिपलं, आकडा भरला. आता फक्त बटण राहिलं होतं. यांचा अंगठा वर गेला. मला त्या अंगठ्याखाली गायत्री दिसत होती, पावती कशी असते याचा विचार करणारी.

आरडाओरडा करणं माझ्या स्वभावात नाही. मी डबा उघडला.

"किरणभाऊ, औंदा तुमच्याकडे कानबाई बसली का?"

कानबाई ही आमच्या खानदेशची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर बसते, सोमवारी तिचं विसर्जन. त्या वेळी गव्हाच्या पिठाचे जे रोट करतात ते पौर्णिमेच्या आत संपवायचे. आणि ते खायचे फक्त भाऊबंदांनी, एका कुळाच्या माणसांनी. दुसऱ्या कुळाचा माणूस कितीही जिवाभावाचा असो, त्याला रोट देत नाहीत, आणि तोही घेत नाही. आमच्या भागात हे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही.

"बसली ना मावशी! एकदम धूमधडाक्यात."

"रोट संपले?"

"रोट? हां, रोट... सगळे संपले. लय गोड होते."

"आम्ही बोरसे. आमचे अजून आहेत. घेणार का?"

मी फक्त विचारलं. डब्यात रोट आहेत असं मी म्हटलं नाही. गुरुवारी मी खोटं बोलत नाही.

"वा! द्या की मावशी!" त्याने दोन तुकडे उचलले. एक तोंडात टाकला, डोळे मिटून म्हणाला, "मनी माय बी असाच रोट करस." आणि दुसरा गाडीच्या खिडकीतून मगनला दिला.

यांचा अंगठा हवेत थांबला. मी तीस वर्षांत या माणसाचा चेहरा असा पाहिला नव्हता. सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा नाही. भूपेंद्रचे एवढे नियम यांच्या गळी उतरले नव्हते, तिथे पाटलाच्या गळ्यातून उतरलेला बोरशांचा एक तुकडा पुरला.

"तू पाटील ना?" हे म्हणाले.

"हो काका."

"मग बोरशांचा रोट कसा खाल्ला?"

किरण हसला. "भूक लागली होती काका. दाबा ना बटण, मला पुढे जायचंय." गंमत म्हणजे त्याची अहिराणी इथे एकाएकी संपली. शिल्लक तेवढीच असावी.

यांनी मोबाइल बंडीच्या आतल्या खिशात घातला आणि वरून हात दाबून धरला. "मशीनवर चल," हे म्हणाले. "आधी मशीन."

मग मात्र आमचा गावकरी गावकरी राहिला नाही. त्याने यांचं मनगट धरलं आणि गाडीकडे ओढलं. गाडीचं मागचं दार आतून उघडलं. हे घाबरले, पण तीस वर्षं लूमच्या आवाजात ओरडून बोलणारा माणूस आहे तो. "चोर शे! धरा याले!" असं ओरडले की समोरच्या मार्केटच्या दारात कापडाच्या गाठी उचलणारे आठ-दहा हमाल एकदम वळले. त्यातले निम्मे नंदुरबार-शिरपूरकडचे. त्यांना 'आपला मानूस' म्हणावं लागलं नाही. गाठी टाकून ते निघाले तसा किरण उडी मारून गाडीत गेला, आणि गाडी दार उघडं ठेवूनच पळाली. इंजिन का चालू ठेवलं होतं ते मला तेव्हा कळलं. उगीच त्या मगनला उधळ्या समजले मी.

बाकाखाली ती एक थप्पी पडली होती. वरची नोट खरी, खालची खरी, मध्ये वहीचे कोरे कागद, फार सुबक कापलेले. एवढी मेहनत त्या पोराने शिवणकामात केली असती तर आज त्याचं स्वतःचं दुकान असतं.

थप्पी आम्ही चौकीत नेऊन दिली. गाडीचा नंबर हमालांनी पाहिला होता, तोही सांगितला. हवालदारसाहेबांनी लिहून घेता घेता विचारलं, "अने तमे शुं वेचता हता?" म्हणजे, तुम्ही काय विकत होतात?

हे माझ्याकडे बघायला लागले. मी माळेच्या पिशवीत हात घातला. जपात असले की मी बोलत नाही, हे यांना ठाऊक आहे.

शेवटी यांना सगळं सांगावं लागलं. हवालदारसाहेब बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "काका, सोसायटीत पापडवाली आली तर तिला तुम्ही आधी वजनकाटा दाखव म्हणता ना?" हे म्हणाले, हो. "बस," साहेब म्हणाले आणि चहा मागवला. आमच्यासाठी नाही.

शुक्रवारी भूपेंद्रने रजा काढली आणि त्याच्या दुकानाची जुनी गिऱ्हाईक असलेल्या अश्विनीबेनला गाठलं. तिचा लेसपट्टीचा धंदा. ही बाई बँकेत कॅमेऱ्याखालच्या खुर्चीवर बसली होती. राम राम नाही, पाया पडणं नाही, गाव विचारणं नाही. आधी यांचं ओळखपत्र मागितलं, आपलं दाखवलं. पैसे आपल्या खात्यातून आमच्यासमोर काढले, स्लिप आम्हाला दिली, नोटा मशीनवर दोनदा फिरवल्या. "पहेला दस मोकलो," म्हणाली. दहा नाणी पाठवली, ती पोहोचली असं तिने स्वतः बघितलं, मग बाकीची. सगळ्यात मिळून ती पाच वाक्यंसुद्धा बोलली नसेल. मला ती फार आवडली.

"कोरडी बाई," बाहेर आल्यावर हे म्हणाले. "दोन शब्द प्रेमाचे नाहीत."

"नाहीत," मी म्हटलं, आणि प्रेमाचे एक लाख साठ हजार पदराखाली नीट धरले. गायत्रीला बोलावून घेऊन तिथूनच कॉलेजात गेलो. गायत्रीने पावती हातात घेतली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि रिक्षात बसल्या बसल्या भूक लागली म्हणाली.

आता कारखान्यात हे सगळ्यांना सांगतात, की चोर त्यांनी पहिल्या नजरेतच ओळखला होता, फक्त त्याला रंगेहाथ धरायला वेळ घेतला. भूपेंद्रच्या नियमांत यांनी स्वतःचा एक वाढवलाय. कुणी अहिराणीत बोललं की आधी रोटाचं विचारायचं. मशीनचा नियम मात्र अजून सांगताना विसरतात.

त्या शुक्रवारी संध्याकाळी उपास सोडताना मी खरे रोट काढले. आम्ही तिघं आणि भूपेंद्र, चौघंही बोरसे, पाटावर बसून खाल्ले. हे अर्धा रोट हातात धरून एकदम थांबले.

"काल डब्यात काय होतं गं?"

"सुखडी."

त्यांनी रोट ताटात ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे तू देवाच्या नावाने..."

"मी फक्त विचारलं होतं."

तरी त्या रात्री मी अकरा माळा जास्त ओढल्या. गायत्रीने विचारलं, "आई, खोट्याचं प्रायश्चित्त का?"

खोट्याचं नव्हतं. तो किरण डोळे मिटून खात होता तेव्हा मला फार मजा आली होती, आणि उपासाच्या दिवशी तेवढी मजा बरी नाही.